आधी इंजिन, मग पाणी

लातूरमध्ये जेट स्की बाळगणं म्हणजे टकल्यानं कंगवा बाळगणं. हे मला कुणी सांगायची गरज नाही, मीच ते लोकांना सांगत आलो आहे. ज्या गावानं प्यायचं पाणी रेल्वेनं आलेलं पाहिलं, त्या गावात माझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानामागच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली चार वर्षं पडून होती. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "ह्ये काय हाय ओ?" मी म्हणायचो, "नावेचं पिल्लू. माय सोडून गेली." गिऱ्हाईक हसायचं. मग ते मोटार घेऊन निघून जायचं आणि मी परत एकटा.

मशीन जुनं, जपानी बनावटीचं, उभ्यानं चालवायचं. त्याला बसायला जागाच नाही. मागच्या खोलगट भागात उभं राहायचं, पुढून आलेला लांब दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि तोल सांभाळत जायचं. एकाच माणसाचं वाहन, तरी ते आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं. नांदेडकडचा एक बोटिंग क्लब बंद पडला, त्याच्या भंगारात माझ्या धाकट्या भावाला ते दिसलं. आम्ही दोघंही पंपवाले. खालचं झाकण काढून आतला पंखा पाहिला आणि एकमेकांकडे बघून हसलो. हा तर पंपच! विहिरीवरचा पंप पाणी ओढून शेतात टाकतो, हा पाणी ओढून पाण्यातच मागं फेकतो आणि त्या धक्क्यानं पुढं पळतो.

वर्षातून चार-सहा वेळा आम्ही ते टेम्पोत घालून नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या बॅकवॉटरवर न्यायचो. चालवायचा तो. मी काठावरून बोलायचो. माझ्या तोंडाला पहिल्यापासून लगाम नाही. याच तोंडापायी माझं लग्न झालं नाही, असं आई शेवटपर्यंत म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

त्या मशीनची एक गोष्ट मला फार आवडायची. चालवणारा पडला की इंजिन बंद पडत नाही. दांडा एका अंगाला वळलेला राहतो, इंजिन मंद धुगधुगत राहतं, ज्याला आम्ही आयडल म्हणतो, आणि मशीन गोल फिरून पडलेल्या माणसापाशी परत येतं. जुन्या मशीनची ही रीत. नव्यांना म्हणे मनगटाला दोरी असते, माणूस पडला की इंजिन गप्प.

चार वर्षांपूर्वी भावाचं वजन शंभरावर गेलं होतं. त्या दिवशी काठावर गर्दी होती. त्याची हदगावची सासरची माणसं मुद्दाम बघायला आली होती, सासरे खुर्ची टाकून बसले होते. साडेपाचशे सीसीच्या जुन्या इंजिनाला तो उचलवेना. उभा राहिला की मागची बाजू बुडायची, तो छातीपर्यंत पाण्यात जायचा, परत चढायचा, परत बुडायचा. पाच-सहा वेळा असं झालं. आणि मी काठावरून ओरडलो, "अरे, म्हैस डुंबायला बसली! शेपूट धरा रे कुणीतरी, शेपूट!"

काठ हसला. सासरे हसले. त्याची बायको तेवढी खाली बघत राहिली. मला ती दिसत होती, तरी मी अजून दोनदा ओरडलो, कारण लोक हसत होते.

तो बाहेर आला. अंगातलं लाइफ जाकीट काढलं, नीट घडी केली, मशीनवर ठेवलं आणि बायकोला घेऊन चालायला लागला. महिन्याभरात त्यानं नांदेडला वेगळं दुकान टाकलं. वाटणीवरून एका शब्दाची खळखळ केली नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. मग मीही ताठलो. थोरला ना मी.

दुकानात दोन स्टुलं होती. त्याचं स्टूल मी हलवलं नाही. त्यावर कधी चहाचा ग्लास ठेवायचो, कधी जळालेल्या मोटारीची तार. दिवसभर गिऱ्हाइकांशी टिंगलटवाळी करायची आणि शटर ओढताना लक्षात यायचं की आज आपल्याशी कुणी बोललं नाही, आपणच बोललो.

गेल्या उन्हाळ्यात वावटळीनं शेडचा पत्रा उडाला, ताडपत्री फाटली. आवरायला गेलो तर मशीनवर ते जाकीट तसंच होतं, त्यानं केलेल्या घडीत. मी ते उचललं आणि मांडीवर घेऊन बसलो. चार वर्षांत मला त्याची माफी मागता आली नव्हती. एवढं बोलणारा मी, पण तेवढा एक शब्द काही तोंडात येत नव्हता. तेव्हा ठरवलं, तोंडानं जमत नसेल तर हातानं मागू. त्याला अलगद उचलेल असं इंजिन या मशीनला बसवायचं.

कोकणात पाण्यावरचे खेळ चालवणाऱ्या एकाकडे बसून चालवायची मोठी जेट स्की मोडीत निघाली होती. तिचं साडेसातशेचं इंजिन मागवलं. ते या छोट्या पोटात मावेना. जुन्या इंजिनाचे पाय वेगळे, याचे वेगळे. ॲल्युमिनियमची जाड पाटी कापून मधे बसवली, तिला आठ भोकं पाडली, त्यातली तीन चुकली. सायलेन्सर वर लागत होता म्हणून इंजिनावरचं झाकण कापून उंच केलं, फायबरचे थर दिले आणि आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केलं. इंजिन आणि पंखा यांच्यामधली जोडणी एका रेषेत आणायला आठ दिवस गेले. इंजिनाच्या पायांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या घालायच्या, पट्टी लावून बघायचं, काढायच्या, परत घालायच्या. हे काम दोघांचं. एकानं इंजिन तोलून धरायचं, दुसऱ्यानं चकती सरकवायची. मी जॅक लावला. जॅकला "जरा वर, जरा खाली" म्हणत बसायचो.

चाचणीच्या दिवशी मी माती खाल्ली. कोरड्यावर इंजिन चालवायचं तर त्याला थंड ठेवायला नळीनं पाणी द्यावं लागतं. रस्त्यावर पाणी सोडून द्यायची आमच्या गावात लाज वाटते, म्हणून ड्रमातलं पाणी फिरून ड्रमातच येईल अशी सोय केली. आधी पाणी सोडलं. नळी भरली, बुडबुडे थांबले. मग स्टार्टर दाबला. इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि गच्च अडकलं.

तीस वर्षं मी शेतकऱ्यांना एकच शिकवत आलो आहे की पंपात आधी पाणी भर, मग मोटार चालू कर, कोरडी फिरवशील तर जळेल. हात त्याच सवयीनं गेला. पण इथं रीत उलटी. इंजिन चालू नसताना पाणी सोडलं तर ते सायलेन्सरमधून मागं येऊन थेट सिलिंडरमध्ये शिरतं. प्लग काढले तर आतून पाण्याची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली.

आणि हे मला माहीत होतं. भावानं त्याच झाकणाच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटनं माझ्यासाठीच लिहून ठेवलं होतं, "दादा, आधी इंजिन, मग पाणी." झाकण गुळगुळीत करताना ती अक्षरं मी ग्राइंडरनं घासून काढली होती. घासताना वाचलीसुद्धा होती. त्या दिवशी मी शेडमध्ये बसून रडलो, इंजिनासाठी नाही.

सगळं परत उघडलं. बेअरिंग बदलली. महिना गेला. शेवटी लाल रंग आणला आणि त्याच जागी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात तेच लिहिलं. फक्त "दादा" लिहिलं नाही. स्वतःला दादा कसं म्हणायचं?

मग त्याच्या घरी फोन केला. बायकोनं उचलला.

"रविवारी सकाळी मशीन पाण्यात टाकतोय. जुन्याच जागी. त्याला सांग."

"सांगते, भावजी."

"मोठं इंजिन बसवलंय. त्याच्यासाठीच. आता बुडायचं न्हाई म्हणाव."

ती काहीतरी बोलणार होती, थांबली. "सांगते," एवढंच म्हणाली.

रविवारी टेम्पोवाल्यानं फळ्या लावून मशीन उतरवायला मदत केली आणि तो केबिनमध्ये जाऊन झोपला. मी काठावर नऊपर्यंत वाट पाहिली, मग दहापर्यंत. त्याचं जाकीट दगडावर ठेवलं होतं. माणसं तुरळक. बाभळीखाली पिशवी घेऊन एक वाळका माणूस बसला होता, मासेमारीवाला असावा. भाऊ काही आला नाही.

आणलं आहे तर निदान चालवून बघू, म्हणून मी त्याचंच जाकीट घातलं. ते माझ्या अंगात फिरत होतं. माझं वजन पंचावन्न किलो, आणि इंजिन शंभराच्या माणसाला उचलायला जुळवलेलं. दांड्यावरचा वेगाचा खटका अंगठ्यानं दाबला मात्र, मशीननं मला गोफणीतल्या दगडासारखं फेकून दिलं.

वर आलो. मशीन गोल फिरत होतं, पण फार लांबून. मी पोहत जायचो तोवर ते पुढं निघून जायचं. दोन फेऱ्या अशा गेल्या. तिसऱ्या फेरीला ते काठाजवळून निघालं, तेव्हा बाभळीखालचा माणूस पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरला, त्यानं दांडा धरला आणि खालून बोट घालून इंजिन बंद केलं.

इंजिन बंद करायचं मूळचं बटण मोडल्यावर नवं दांड्याच्या खाली आम्ही दोघांनीच बसवलं होतं. परक्याला ते शोधूनही सापडत नाही.

मी पाण्यातून चालत आलो. तोच होता. गालाची हाडं वर आलेली, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा. दोन तास माझा सख्खा भाऊ पन्नास पावलांवर बसला होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं.

"आयडल लई ठिवलंस, दादा," तो म्हणाला. "लांबून फिरून राहिलंय."

मी तोंडावरचं पाणी पुसलं. तो मशीनकडे वाकला.

"किती सीसी?"

"साडेसातशे."

"एवढं कुणासाठी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाकडे. "शुगर निघाली. तीन वर्सं झाली. आता माझं वजन तुझ्याएवढंच हाय."

तीन वर्षं. लातूर ते नांदेड कितीसं अंतर आहे?

त्यानं झाकण उघडलं. लाल अक्षरं वाचली, बोटानं रंग वाळला आहे का पाहिलं. खिशातून छोटा पाना काढला, तो अजून खिशात पाना ठेवतो, आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा मागं घेतला. इंजिन चालू करून कान देऊन ऐकलं. मग मशीन माझ्याकडे ढकललं.

"जा. आता पड."

मी गेलो. नीट उभा राहायच्या आधीच पडलो, पाडून घ्यावंच लागलं नाही. वर आलो तर मशीन लहानसं गोल घेत माझ्याकडेच येत होतं. आणि काठावरून तो ओरडला. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, चिरका झाला होता.

"शेपूट धर रे दादा, शेपूट!"

मी मागची कडी धरली. तो हसत होता की नाही, तेवढ्या अंतरावरून मला दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, नदीचं आणि माझंही.

काठावर आलो तेव्हा तो चपला घालत होता. घरी चल म्हणाला नाही. मीही जेवून जाऊ म्हणालो नाही. माफीचा शब्द त्या दिवशीसुद्धा माझ्या तोंडातून निघाला नाही. मी ओलं जाकीट काढून दगडावर टाकलं. त्यानं ते उचललं, पिळलं आणि काखेत मारलं.

"वाळवून ठिवतो," तो म्हणाला, आणि रस्त्याकडे चालू लागला.