सोन्याचे बाबा आणि इंग्रजीतला 'ही'

माझ्या इंग्रजीच्या पदवीने आमच्या दादाला एकदा नवरेपणावरून बडतर्फ केलं होतं.

महाडजवळच्या नाते नावाच्या गावातल्या आमच्या खानदानातला कॉलेज पास झालेला मी पहिला. त्यामुळे वहिनीने महाडच्या एका इंग्रजी बालवाडीत बाईच्या नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा तिची तयारी करून घेणार कोण? मीच! पहिल्याच दिवशी सर्वनामं काढली.

"वहिनी, 'ही' म्हणजे 'तो'. आता दादाबद्दल एक वाक्य बोल."

"यांना 'तो' म्हणू?" वहिनीने लाटणंच खाली ठेवलं.

आई चुलीपासून गरजली, "चुलीत घाल तुझी इंग्लिश! नवऱ्याला 'तो' म्हनायला शिकवतोस रे?"

"अगं, इंग्रजीत राजालासुद्धा 'तो'च म्हणतात."

"मंग राजाच्या बायकोला वळण नाय. हिला हाय!"

शेवटी मी (पदवीधर ना!) तोडगा काढला. 'तो' नको, नाव तर नकोच. सरळ आमच्या पुतण्याच्या नावाने 'सोन्याचे बाबा' म्हण.

मुलाखतीच्या दिवशी मी दाराला कान लावून उभा. मुंबईच्या मॅडम मराठीत विचारत होत्या, वहिनीने इंग्रजीत सांगायचं.

"मिस्टर काय करतात?"

"सोन्याज फादर ड्राइव्ह्ज रिक्शा, वीर स्टेशन."

"बरं. आणि मिस्टर?"

"सोन्याज फादर ब्रॉट मी हिअर!"

"ते कळलं हो. पण तुमचा नवरा?"

"सोन्याज फादर!!"

मॅडमचा आवाज एकदम हळवा झाला. "घाबरू नका. सोन्या कोणाचा?"

"माझा!"

"आणि... नवऱ्याला हे माहीत आहे?"

मी दार ढकलून आत! "मॅडम, तेच तिचे मिस्टर! आमच्याकडे नवऱ्याला 'तो' म्हणत नाहीत, नावही घेत नाहीत. इंग्रजीत 'अहो' नाही, ही काय आमच्या वहिनीची चूक?"

"तुम्ही कोण?"

"दीर! बी.ए. इंग्लिश! मीच शिकवलंय तिला!"

"तरीच," मॅडम म्हणाल्या. मग वहिनीकडे वळल्या. "बाई, तुम्ही डगमगत नाही. उद्यापासून या."

वहिनी आता पोरांना सर्वनामं शिकवते. पण 'ही'च्या उदाहरणाला तिला दादा चालेना, सासरे चालेनात. बेधडक 'तो' म्हणता येईल असा आमच्या घरात एकच पुरुष निघाला. परवा तिला आणायला शाळेच्या फाटकाशी गेलो, तर सगळा वर्ग माझ्याकडे बोट दाखवून एका सुरात ओरडला, "ही इज लेझी!"

मी चूक शोधून पाहिली. वाक्य व्याकरणशुद्ध होतं.