एल्बोला पडणारी चीर

बारामतीजवळच्या डेअरीत मी देखभाल विभागात इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा गरम पाण्याच्या लाइननं सगळ्यांना जेरीस आणलं होतं. पंपातून वर गेलेला पाइप जिथं वळतो, तिथल्या एल्बोच्या वेल्डिंगला सारखी चीर पडायची. मग टाक्या धुणं थांबायचं आणि दुधाचे टँकर फाटकात खोळंबायचे. जाड एल्बो बसवून पाहिला, तरी तेच.

एका सकाळी पुन्हा चीर पडली. साहेब म्हणाले, “एल्बो बदला आणि लाइन चालू करा.” मी दुपारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

जळोचीचे चाचा आमचे जुने फिटर. त्यांनी आधी पंप तपासला, तो ठीक होता. मग आम्ही दोघं पाइपच्या कडेनं चालत गेलो. नवी टाकी बसवताना मधला एक आधार काढला होता, तो परत कुणी लावलाच नव्हता. एवढा लांब पाइप अधांतरी! पंप सुरू झाला की तो थरथरायचा आणि सगळा ताण एल्बोवर यायचा.

“खांब उभा करू नि पाइप पक्का वेल्ड करून टाकू. हलायचं नावच न्हाय,” चाचा म्हणाले.

“चाचा, गरम पाण्यानं पाइप लांबतो. जखडला तर दुसरीकडं फुटेल.”

“व्हय, ते बी हाय.” थोडा विचार करून त्यांनीच तोड काढली. पाइप लांबीच्या दिशेनं सरकेल, पण आडवा हलणार नाही, असा सैलसर क्लॅम्प त्यांनी स्वतः बनवला. मी खांबाची जागा आखून दिली. खांब उभा राहिला, चिरलेला एल्बोही बदलला.

पंप सुरू केला. चाचांनी पाइपला हात लावला, मग मला खुणावलं. थरथर जवळजवळ थांबली होती. मला एकदम हसूच फुटलं.

चहा घेताना ते हळूच म्हणाले, “ताई, माझी धाकटी आयटीआयला फिटर ट्रेड घ्यायचा म्हनती. मीच आडवा आलोय.”

“का?”

“पोरीला झेपंल का, असं वाटायचं. आता न्हाय वाटत. रविवारी घिऊन येतो, तुमी बोला तिच्याशी.”

ती आली आणि प्रश्न विचारून तिनं मला भंडावून सोडलं. पुढं इंदापूरकडच्या एका कारखान्यात ती फिटर म्हणून लागली. चाचा यंदा निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले, पण निवृत्तीचे नव्हेत. लेक नोकरीत कायम झाली, त्याचे.