ती म्हणतेय

"ती म्हणतेय, मंडळाने आमच्यासाठी खूप केलं!" निवेदक माईकमध्ये ओरडला आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

मी असं काहीही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, आमचा संडास सहा महिने बंद आहे.

मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर घेऊन चालते. बोलताना शब्द तोंडातून ओढून काढावे लागतात. नीट ऐकलं तर कळतात, पण नीट ऐकायला वेळ कुणाला आहे! घोडपदेवला आमच्या चाळीमागे एका मंडळाची इमारत आहे. तळमजल्यावर सभागृह आणि अभ्यासिका. तिथे मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्यासारख्यांसाठी आधाराचे दांडे बसवलेला एक संडास आहे, त्याला कुलूप. आत मंडळाचे बॅनर आणि ढोल-ताशे. अभ्यासिकेत आम्ही सहा जण अपंग, सकाळपासून पाणी न पिता बसतो. मंडळाच्या कार्यक्रमात हे सांगायला बाकीच्या पाचांनी मला पुढे केलं. "तूच बोल, तू कुणाच्या बापाला घाबरत नाहीस," म्हणाले. मंडळाने माझ्या कुर्त्यावर 'दिव्यांग युवा प्रतिनिधी' असा बिल्ला लावला. आणि माझं बोलणं लोकांना समजावून सांगायला हा निवेदक दिला.

मी दुसरं वाक्य बोलले. "आम्ही दिवसभर पाणी पीत नाही."

"ती म्हणतेय, अभ्यासापुढे यांना तहानभूक आठवत नाही!"

"नाही," मी म्हटलं. हा एक शब्द मला स्वच्छ येतो.

"ती म्हणतेय, एवढ्या प्रेमाला नाही कसं म्हणू!"

पुन्हा टाळ्या. तिसऱ्या रांगेत आई बसली होती. माझं अक्षरन् अक्षर कळणारं एकच माणूस. तीही टाळ्या वाजवत होती. भरल्या सभागृहात मला इतकं एकटं वाटलं की रडूच आलं असतं. आवरलं. रडण्याचाही त्याने काहीतरी अर्थ सांगितला असता.

मी माईकला तोंड लावलं. "संडास." थांबले. पुन्हा म्हटलं, "संडास."

हे मात्र सगळ्यांना कळलं. कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष खुर्चीतूनच म्हणाले, "अरे, तिला लागली असेल. घेऊन जा कोणीतरी."

एका कार्यकर्त्या बाईंनी मला स्टेजवरून उतरवलं आणि थेट त्या दाराशी नेलं. कुलूप ओढून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अगो बाय, हेच सांगत होतीस तू?"

मी मान हलवली.

"मग आता? घरी जाईपर्यंत धरवेल ना?"

कळलं होतं तिला. कळूनही तेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला आणि वॉकर फिरवला.

घरी आई म्हणाली, "चार लोकांत असलं बोलतात काय गो? त्यांनी बसायला जागा दिली."

"तुला कळलं होतं?" मी विचारलं.

ती भाकऱ्या थापत राहिली.

कार्यक्रमाचा व्हिडिओ आमच्या सहा जणांच्या ग्रुपवर आला. टाळ्यांपर्यंतचाच. खाली एकाने लिहिलं होतं, "आभार मानून आलीस?" आपलीच माणसं.

आता माझं बोलणं कुणी सांगायचं नाही. आईनेही नाही. एका वाक्याला मला एक मिनिट लागतं, ते मिनिट मी घेणार. कळलं नाही तर विचारा, दहादा सांगेन.

सोमवारी सकाळी पोटभर पाणी पिऊन जाणार आहे. अध्यक्षांच्या टेबलासमोर उभी राहून किल्ली मागणार. मिळेपर्यंत हलणार नाही. पुढे जे होईल ते त्यांच्याच फरशीवर होईल.