शेजारच्या हद्दीतले तीन आंबे

जमीन मोजणीत माझी उभी हयात गेली. त्यात एक गोष्ट पक्की कळली: गोव्यातल्या आमच्या पेडण्यात जागेचं नाव विचारलं, की माणूस आधी विचारणाऱ्याकडे बघतो आणि मग ठरवतो, जागा कुणाची ते. काजू लागलेली असली तर आपली. बांधावर मेलेलं जनावर पडलं असलं तर पलीकडच्या गावची. सरकारी माणसासमोर आम्ही नेहमी पलीकडे बोट दाखवतो, आणि पलीकडचे आमच्याकडे.

हे सगळं ठाऊक असून निवृत्तीनंतर मी आतेच्या कामात पडलो. आते म्हणजे वडिलांची बहीण, आता नव्वदीला टेकलेली. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत तिचा नवरा लढ्यातल्या लोकांचे निरोप चोरून पोचवायचा. गस्तीच्या सैनिकांनी त्याला गोळी घातली आणि तिथेच पुरलं. शेजारच्या गावात, एवढंच घरी कळलं. तेव्हापासून त्या गावावर तिचा राग. तिथून लेकीसाठी आलेली चांगली स्थळं तिने परत पाठवली.

"हांव मरचे आदीं ती जागा सोदून दी रे पुता," ती म्हणाली. "एक नारळ तरी ठेवतां." मरण्याआधी ती जागा शोधून दे, म्हणून ती मागेच लागली.

एका अभ्यासकाकडून मला त्या गस्तीच्या लष्करी चौकीच्या नोंदीची नक्कल आणि जुना नकाशा मिळाला. पोर्तुगीजची आणि माझी ओळख ‘पाव’ या एका शब्दापुरती. शब्दकोश उघडून आठवडाभर झटलो. ठिकाण लिहिलं होतं ‘तीन आंबे’, हद्द शेजारच्या गावाची. नकाशात त्या नावाचं काहीच नव्हतं.

मी त्या गावात गेलो. देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तीन आमे? आमगेर नात. तुमगेलेच आसतले." झालं! त्याने बोट आमच्याच गावाकडे दाखवलं. पण मी कशासाठी विचारतोय हे गावभर झालं, स्मारकाची कुजबुज सुरू झाली, आणि चारच दिवसांत एका पंचाचा फोन आला की झाडं सापडली. धावत गेलो. झाडं तीन होती खरी, त्यातला एक फणस होता.

चिडून घरी आलो आणि नोंद पुन्हा वाचायला घेतली. नाव ऐकीव होतं, पण लिहिणारा सैनिक शिस्तीचा. त्याने होकायंत्र लावून आमच्या देवळाच्या दीपस्तंभाची दिशा टिपली होती आणि चौकीपासून चालायला लागलेला वेळही. नकाशावर रेघ ओढली. रेघ दोन गावांमधला व्हाळ, म्हणजे हद्दीचा ओढा, ओलांडेचना. ती आमच्याच गावात, आमच्याच काजूच्या उतरणीवर थांबली. तीनदा मोजलं, तीनदा तिथेच.

मग खालच्या ओळीचा अर्थ लागला: मयताची ओळख आणि ठिकाणाचं नाव त्याच्या मेहुण्याने सांगितलं.

आतेला भाऊ एकच. माझे वडील. सैनिकांनी त्यांना मढ्यासमोर उभं करून विचारलं असणार, हे कुठलं गाव? आपल्या गावाचं नाव घेतलं तर झडती आपल्या घरांची. त्यांनी व्हाळापलीकडे बोट दाखवलं आणि नसलेल्या तीन आंब्यांचं नाव ठोकून दिलं. झडत्या तिकडे झाल्या. मला वडिलांचा राग आला, आणि त्यांची कीवही. मोजणीतल्या माणसाच्या बापाने हद्दच सरकवली होती.

आतेला रिक्षाने उतरणीवर नेलं. तिथे आता तुयेच्या कारखान्यात जाणाऱ्या कोल्हापूरकडच्या कामगारांच्या खोल्या आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून तिने नारळ ठेवला, हात जोडले.

मग विचारलं, "इतलीं वर्सां त्या गांवाचें नांव कोणें सांगलें रे?"

कागद माझ्या खिशात होता.

"त्याच गावच्या कुणीतरी, आते."

तिने मान हलवली. "म्हाका दिसलेंच. तुज्या बापायन आठ दीस सोदलें रे त्या गांवांत, म्हज्या घोवाक."