वजडीवर उगारलेली सुरी

मेंढ्याची वजडी साफ करून देशील का, असं मुलानं विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून चुलीशीच आहे, वजडीचं मला काय नवल? ती कशासाठी हवी आहे हे विचारायचं मात्र राहिलं.

मुलानं हॉटेलातली नोकरी सोडून इथं आखातात, अल बर्शात जेवणं पुरवण्याचं स्वयंपाकघर घेतलं होतं. ते चालत नव्हतं. एखादी कायमची ऑर्डर लागली नाही तर खलास, सगळे गावी परत, असं तो सुनेला सांगायचा. म्हातारीला ऐकू येत नाही असा त्याचा समज होता. त्यात त्याला ही गोरी पलटण भेटली. इथल्या छावणीत पाठवलेले शिपाई होते ते. मी त्यांना इंग्रज म्हटलं तर मुलानं मला गप्प केलं. ते स्कॉटलंडचे, आणि इंग्रज म्हटलं की त्यांना राग येतो. त्यांचा सण जवळ आला होता. सणाचा पदार्थ त्यांच्या देशातून येणार होता, तो बंदरात अडकला. मुलानं सांगून टाकलं, आमच्या घरी हेच बनतं, माझी आई करते.

हेच म्हणजे काय, तर मेंढ्याची कलेजी, दिल आणि फोपसा बारीक करायचा, त्यात कांदा आणि ओट्स घालायचे, आणि ते सगळं मेंढ्याच्याच पोटाच्या अख्ख्या पिशवीत भरून उकडायचं. हे त्यानं मला सांगितलं सणाच्या सकाळी. तोवर मी वजड्या गरम पाण्यातून काढून, चमच्यानं खरवडून, बोटभर तुकडे करून पातेल्यात टाकल्या होत्या. आमच्याकडे वजडी चिरतातच. अख्खी ठेवून तिचं करायचं काय?

"आई, पिशवी कुठंय?" त्यानं विचारलं. मी पातेल्याकडे बोट दाखवलं. तो फरशीवरच बसला.

एक वजडी उरली होती, ती मी नुसती उभी चिरली होती. मग सुई आणि जाड दोरा घेतला. सारण भरलं आणि गोधडीला घालतात तसा धावदोरा घालून ती शिवून उकडायला टाकली. मीठमिऱ्याशिवाय काही घालायचं नाही असं मुलानं बजावलं होतं. त्याची पाठ फिरल्यावर मी थोडा कांदालसूण मसाला घातला होता. नात दारातून म्हणाली, "आजी, दॅट्स डिस्गस्टिंग." मी म्हटलं, तुझ्या बापाचं पोट आहे हे. चिरलेल्या वजडीचा रस्सा केला, आमच्या कामाच्या माणसांना तिथं जेवायला.

सण दुपारी होता, खोर फक्कानला समुद्राकाठच्या भाड्याच्या बंगल्यात. हात कमी पडत होते म्हणून मुलानं मलाही नेलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि तिथंच खिळले. दांडगे दाढीवाले गडी, आणि कमरेला गुडघ्यापर्यंत चौकड्यांचे घागरे. निऱ्या मात्र मागच्या बाजूला अशा नेमक्या की माझ्या नऊवारीलाही कधी जमल्या नाहीत. आत काय घालतात, असं मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, आई, भांडी बघ.

मग काखेत हवेची पिशवी दाबून एक जण वाजवत निघाला आणि त्याच्यामागून माझी वजडी ताटातून आली, नवरदेवासारखी. सगळे उभे राहिले. जेवणासाठी वरात निघालेली मी कधी ऐकली नव्हती. ताट टेबलावर ठेवलं, शिवण नेमकी वर. तांबड्या दाढीचा एक शिपाई पुढं झाला आणि वजडीशी बोलू लागला. आधी लाडानं. मग आवाज चढला, त्यानं पायमोज्यातून सुरी काढली आणि वजडीवर उगारली.

मला वाटलं, यानं शिवण पाहिली, आता बिघडलं सगळं. पण अन्नावर सुरी उगारायची? मी तशीच गेले आणि त्याचं मनगट धरलं.

"शिवण माझी आहे," मी म्हटलं. "काय बोलायचं ते मला बोल. अन्नावर हात उगारू नकोस."

मुलगा धावत आला, तोंड पिठासारखं. त्यानं मला सांगितलं की शिपाई शिव्या देत नव्हता, कविता म्हणत होता. दर वर्षी म्हणतात, आणि सुरी खुपसतात तीही रीतच. मी काय बोलले ते शिपायानं त्याला विचारलं. मुलाला काहीही सांगता आलं असतं. त्यानं खरं तेच सांगितलं, मान खाली घालून. मनगट अजून माझ्या हातात होतं. आमची ऑर्डर गेली असंच मला तेव्हा वाटलं.

शिपायानं सुरी फिरवली आणि मूठ माझ्याकडे केली.

"काप, आई," मुलगा हळूच म्हणाला. "यल्ला, चल."

मी जेवणाआधी करतात तसा नमस्कार केला, टोकाचा टाका कापला आणि पोत्याचा ओढतात तसा दोरा ओढला. वाफ आली. ते असे ओरडले आणि त्यांनी टेबलं अशी बडवली की मी दोन पावलं मागं सरले. जेवताना तांबड्या दाढीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा म्हणतो, घर आठवलं असेल. मसाल्याचं मी त्याला सांगितलेलं नाही.

आमच्या माणसांचा रस्साही त्यांनी संपवला. आमची माणसं उपाशी राहिली. त्या रश्श्यावरच ऑर्डर लागली, दर शुक्रवारची. गावी जाण्याचं आता कोणी बोलत नाही.

पुढच्या सणाचंही त्यांनी सांगून ठेवलंय. पिशवी अख्खी नको, शिवलेलीच हवी. म्हणजे चांगली वजडी मुद्दाम चिरायची आणि मग शिवत बसायचं. असली माणसं पलटण कशी चालवतात, मला कळत नाही.