पांढरी पिकअप आणि तिसरी काहील

आमच्या गावात सप्ताहाला किती गर्दी झाली हे कुणी हजारात सांगत नाही. काहिलीत सांगतात, म्हणजे आमटीच्या मोठ्या कढया किती लागल्या ते. "औंदा दोन काहिलीचा सप्ताह झाला," एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आणि हा आकडा ठरवण्याचा मान गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. कागदोपत्री मी फक्त माइकवर बोलणारा. पण शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगात आलं की आचारी मंडपाच्या कडेला येतो, माझ्याकडे बघतो आणि नुसत्या भुवया उडवतो. म्हणजे, बोला, किती चढवू?

नंतर जेवायला असते आमटी-भाकरी. भाकरीची काळजी नसते. ती घराघरातून येते, आणि कमी पडलीच तर चार चुली पुन्हा पेटतात. आमटीला मात्र दीड तास लागतो, आणि तिच्यात नंतर पाणी ओतलं की पहिल्याच भुरक्याला पाहुण्याला कळतं. पाहुणे म्हणजे लेकींच्या सासरची माणसं, पार अवसरी खुर्दपासून आलेली. त्यांच्या पत्रावळीवर पाणचट आमटी पडली तर ती गोष्ट आमच्या लेकींना वर्षभर ऐकावी लागते.

मंडपात बसलेली माणसं मोजणं सोपं. चार खांबांच्या मधला एक खण, त्यात बायका किती, बाप्ये किती, हे मला डोळे मिटूनही सांगता येतं. खरी अडचण बाहेरच्यांची. चिंचेखाली, चहाच्या टपरीवर, देवळाच्या मागे हे लोक असे पांगलेले असतात, की दिसतात वीस आणि पंगतीला उगवतात दोनशे. त्यांना उजेडात आणायची माझी एक युक्ती आहे. ती मी शोधून काढली, आणि मला तिचा भारी अभिमान आहे.

महाराज पाणी प्यायला थांबले की मी माइक घेतो आणि गंभीर आवाजात म्हणतो, "एक सूचना. एक पांढरी पिकअप रस्त्यात आडवी लागलेली आहे. ट्रॅक्टरवाल्याचा तोल सुटत चाललाय. मालकानं ताबडतोब यावं."

नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो नेणाऱ्या आमच्या भागात पिकअप पांढरीच असते. सूचना संपते न संपते तोच झाडाखालून, टपरीवरून, देवळामागून माणसं ताडकन उठतात आणि प्रत्येकाचा हात किल्लीसाठी खिशाकडे जातो. मी ते हात मोजतो. एका हातामागे दहा माणसं धरायची, कारण सप्ताहाला पिकअप रिकामी येत नाही. हा हिशेब कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी मी सूचना दिली आणि जेमतेम पाच-सहा हात हलले. मी आचाऱ्याला ऐटीत दोन बोटं दाखवली. तिसरी काहील चुलाणाशेजारी कोरडीच राहिली.

तासाभरानं भाकरीच्या टोपल्यांवर देखरेख करणाऱ्या माझ्या वहिनी पदर खोचत माइकपाशी आल्या.

"भावजी, काहिली दोनच का वो?"

"मोजलंय मी, वहिनी."

"काय मोजलं?"

"पिकअप."

"आन तुमची पिकअप कुठंय?"

माझा हात खिशाकडे गेला. खिशात किल्ली नव्हती. टोमॅटोचा बाजार चढला होता, म्हणून पहाटेच माझा भाऊ क्रेट भरून नारायणगावला गेला होता. माझाच भाऊ, माझीच पिकअप! आणि पंचक्रोशीतली दर दुसरी पिकअप त्याच रांगेत उभी होती.

"टोमॅटोचा तोडा चालू हाय," वहिनी म्हणाल्या. "गाड्या मार्केटात, आन माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आल्यात. वढ्याच्या कडंला जाऊन बघा जरा. लई माणूस हाय."

मी गेलो. ओढ्याकाठच्या सावलीत ट्रॉल्याच ट्रॉल्या लागल्या होत्या आणि लेकींच्या सासरची अख्खी मंडळी त्यांत ऐसपैस पसरली होती. मी धोतर सावरत आचाऱ्याकडे पळालो.

"तिसरी चढवा!"

"आत्ता?" आचाऱ्यानं कपाळावर हात मारला. "कीर्तन पाव तासात सुटंल, अर्ध्या तासात दोन पंगती उठतील. आमटीला दीड तास. तिसऱ्या पंगतीला काय पत्रावळ चाटाया देऊ?"

"थोडं पाणी..."

"भाऊ! ह्या हातानं आमटीत पाणी पडलं न्हाई आजवर. तुमी माणसं मोजता का गाड्या?"

बोलता बोलता त्यानं चुलाणात लाकडं सारलीसुद्धा. आता उरलेला पाऊण तास मला कुठून तरी आणायचा होता. मी चिठ्ठी लिहिली, 'महाराज, पाऊण तास वाढवा. आमटी कच्ची आहे,' आणि पाया पडायच्या निमित्तानं महाराजांच्या हातात सरकवली.

त्यांनी चिठ्ठी वाचली, कमरेला खोचली आणि मंडपाकडे बघून हसले. "माउली, देव घाईत भेटत नाही. आणि जे शिजतं, तेच मुरतं." मग त्यांनी कृष्णाच्या खोड्या अशा काही रंगवल्या की ट्रॉल्यांतली माणसंही उठून मंडपाच्या कडेला येऊन उभी राहिली. मला तर ती आता निवांत मोजता आली. पहिल्यांदा धड मोजली म्हणा ना!

कीर्तन सुटल्यावर मी पुन्हा माइक हातात घेतला. "आधी पाहुणे, मग गाव! गावकऱ्यांनी भूक आवरून पत्रावळी वाढाव्यात!" दोन पंगती उठल्या, आणि तिसरी बसताना आचाऱ्यानं नव्या काहिलीत पळी घातली. दाट, तिखट, उकळती आमटी. एक पाहुणा म्हणाला, "पावणं, ही तर पहिलीपेक्षा झाक हाय!" मी असं तोंड केलं, जणू काही तसंच ठरलं होतं.

सगळ्यात शेवटी आचारी, वहिनी आणि मी जेवायला बसलो. आचाऱ्यानं काहिलीच्या तळाला भाकरीचा तुकडा फिरवला, तो खाल्ला, आणि काहील पालथी घातली. सगळे जेवल्याशिवाय तो काहील पालथी घालत नाही.

मी उष्ट्या हातानंच माइक चालू केला आणि भांडी घासणाऱ्या मंडळींना ऐन पंगतीच्या आवाजात ऐकवलं, "यंदाचा सप्ताह, तीन काहिली!"

टाळ्या पडल्या. वहिनींनी माइक माझ्या हातातून काढून घेतला.

"एक सूचना," त्या म्हणाल्या. "मोजणारानं पुढच्या साली घरनं निघताना खिसा बघून यावं."