वरचा कांदा, आतला लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायचा ठरला तो आईसाठी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर, आणि जर्मनीतल्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी. फोनवर आईला नुसता उजेड हलताना दिसे. पडदा मोठा असला की जवळ बसून चेहरे ओळखू येत. पहिल्या नातीला नाव ठेवताना बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

शहाणं माणूस दुकानात गेलं असतं आणि मिळेल तो घेऊन आलं असतं. पण मी नाशिकच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि आमच्या घरात कॉम्प्युटरवर लिनक्सखेरीज दुसरी कुठली सिस्टिम चालत नाही. फुकट मिळतं, कुणाचं मिंधं राहावं लागत नाही. फक्त सगळंच हार्डवेअर त्याला मानवत नाही. म्हणून महिनाभर मी पत्रिका जुळवत बसले: कॅमेरा जुळतो का, आवाज जुळतो का, वायफाय जुळतं का. माझ्या लग्नाच्या वेळी इतकी चौकशी कुणी केली नव्हती, म्हणून तर आज आई-बाबांकडे आहे.

वस्तू दसऱ्यालाच घरात आली पाहिजे, हा बाबांचा हट्ट. बाबा चांदवडकडचे, सगळा जन्म कांद्यात गेलेला. दुकानात मांडून ठेवलेल्या लॅपटॉपला मी माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. सगळं सुरू, वायफायसुद्धा. मी म्हटलं, "हाच द्या."

"मांडलेला नको," बाबा म्हणाले. "वरचा कांदा बघून ढीग घेत नसत्यात. आतला काढा, सीलबंद."

"काका, मॉडेल तेच आहे," दुकानदार म्हणाला.

मॉडेल तेच असलं तरी आतली वायफायची चिप भलत्याच कंपनीची निघू शकते, हे मला पक्कं ठाऊक होतं. खोकं इथेच फोडून तपासू, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर बाबांचं म्हणणं, मुहूर्ताची वस्तू घरी देवापुढंच फोडायची. माझ्या खरेदीत ते कधी नव्हे ते इतक्या हौसेने पडले होते, म्हणून मी सीलबंद खोकंच उचललं. घरी हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, नारळ फुटला. मग खोकं फोडलं आणि वायफाय गायब.

"आतलासुद्धा सडका निघतो की, बाबा," मी बोलून घेतलं.

तीन दिवस लॅबमधून आले की मी त्या चिपच्या मागे. ती चालवणारा प्रोग्रॅम कुणा भल्या माणसाने लिहून नेटवर ठेवला होता, पण तो माझ्या लॅपटॉपवर काही बसेना. बारशाच्या दुपारी बाबा फोनची चार्जिंगची वायर घेऊन आले.

"फोनात नेट हाय ना? मग वायरनं दे त्याला. आपल्या विहिरीला पाणी नसलं तर शेजाऱ्याचा पाइप वढतोच ना?"

तसं चालतं. अगदी सहज चालतं, आणि तेही मला ठाऊक होतं. पण महिनाभर लिनक्सचे गोडवे गाऊन शेवटी चार्जिंगच्या वायरवर यायचं, हे मला झेपेना. "पाचच मिनिटं, होतच आलंय," मी म्हणाले.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. तिकडे बारसं सुरू झालं. आई बाबांच्या फोनला नाक लावून बसली. "हा पाळणा हाय का? मग बाळ कुठंय?" बाबा सांगत राहिले, आता आत्याने कानात नाव सांगितलं, आता घुगऱ्या वाटतायत. मग बाळ झोपलं आणि बहिणीने फोन ठेवला.

त्यानंतर दहा मिनिटांनी वायफाय आलं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. "आलं!" मी म्हणाले. ते ऐकून आई पदराने डोळे पुसत लगबगीने येऊन लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर अजून काहीच उघडलेलं नव्हतं. लिनक्सचं बोधचिन्ह म्हणून मी हौसेने लावलेला पेंग्विन तेवढा होता, काळा-पांढरा, गोल पोटाचा. आई अगदी जवळ गेली आणि काचेवरून हात फिरवला.

"लय गुटगुटीत हाय गं," ती म्हणाली. "दुपट्यात कसं नीट गुंडाळलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आईला हो म्हणाले.